वास कुठून येतो

प्रवासाला निघायचे ठरले की आई आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणे कमी करत असे. हे माझ्या लक्षात यायला माझी पन्नाशी उलटावी लागली. दर्यापूरहून अमरावती, अमरावतीहून पुढे नागपूर किंवा यवतमाळ, असे एसटीचे टप्पे मी तिच्यासोबत कितीतरी वेळा केले. पण वाटेत तिने कधी पाणी मागितल्याचे मला आठवत नाही, आणि तिला मुळातच तहान कमी लागते अशी माझी समजूत होती. एका वैशाखात नात्यातल्या लग्नासाठी आम्ही चंद्रपूरला गेलो. परत आल्यावर तिला थंडी वाजून ताप भरला आणि लघवीला जळजळ सुरू झाली. दिवसभरात किती पाणी प्यायलात, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती गप्प राहिली. उत्तर माझ्या पत्नीने दिले. ती म्हणाली, "बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, डॉक्टर. प्यायले तर जायचे कुठे?"

मी एकोणतीस वर्षे ग्रामसेवक होतो. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हापासून निवृत्तीपर्यंत शौचालये, शोषखड्डे आणि सांडपाण्याच्या नाल्या हाच माझ्या कामाचा मोठा भाग होता. कोणत्या घराला शौचालय आहे आणि कोणत्या नाही, याच्या याद्या मी स्वतःच्या अक्षरात लिहिल्या आहेत. ज्या बाईला घरी शौचालय आहे, तिला घराबाहेर पडल्यावर काय करावे लागते, हा रकाना त्या याद्यांमध्ये नव्हता.

राज्य सरकारने 2021 साली कॅरावॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याची बातमी मी वाचून ठेवली होती. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला आणि एका बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडून त्यात झोपायच्या दोन बाकड्या, छोटा ओटा, भांडी धुण्याचे सिंक आणि एक जेमतेम माणूस उभा राहील एवढे न्हाणीघर करून घेतले. आरटीओकडची नोंदणी रीतसर झाली. न्हाणीघरात बसायचे शौचालय आहे, त्याखाली वीस लिटरचा डबा आहे आणि तो गाडीच्या बाहेरच्या बाजूने कप्पा उघडून काढता येतो. सिंकचे आणि आंघोळीचे पाणी मात्र त्या डब्यात जात नाही. ते गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या साठ लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत जाते. या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावे लागेल, कारण आम्ही स्वतः ते कित्येक महिने लक्षात ठेवले नाही.

पहिला प्रवास शेगावचा. पौषातली थंडी होती. आई खिडकीशी बसून तुरीची शेते पाहत होती आणि बाळापूरच्या अलीकडे तिने आपणहून पाणी मागितले. माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले, मी गाडी चालवत राहिलो. त्या एका पेल्यासाठी केलेला खर्च मला कधीच जास्त वाटला नाही.

फाल्गुनात गाडीत वास येऊ लागला. सुरुवातीला तो सकाळी दार उघडल्यावर क्षणभर जाणवे आणि विरून जाई. चैत्र लागला तसा तो ठाण मांडून बसला. सडलेल्या अंड्याचा, त्यात आंबलेल्या खरकट्याचा आणि साबणाचा मिसळलेला तो भपकारा होता, आणि गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावरून अर्धा तास चालली की तो सर्वांत जास्त येई. वासाचे वाईट असे, की त्यात बसलेल्या माणसाला तो थोड्या वेळाने कळेनासा होतो. मी चालकाच्या जागेवर बसून "आता कमी झाला" असे म्हणायचो आणि चहासाठी उतरून परत गाडीत पाय ठेवला की तोच वास नाकावर आदळायचा.

आम्ही सर्वांनी मनातल्या मनात दोष शौचालयाला दिला. तोंडाने कोणी बोलले नाही, पण न बोललेले आईला पहिल्यांदा कळते. तिने गाडीतले शौचालय वापरणे बंद केले, गाडी शेताजवळ थांबवायला सांगू लागली, आणि मग पुन्हा तिचा पेला भरलेला तसाच राहू लागला. एका संध्याकाळी ती माझ्या पत्नीला म्हणाली, "माह्यामुळं गाडी नासली." ते वाक्य मी ओट्याच्या पलीकडून ऐकले. ज्या कारणासाठी गाडी केली तेच कारण गाडीने उलटे केले होते, आणि वास घालवणे ही त्या क्षणापासून माझ्यासाठी सोयीची बाब राहिली नाही.

सुरुवातीचे सगळे उपाय आम्ही वास झाकायचे केले. फिनाईल ओतले. न्हाणीच्या जाळीवर डांबरगोळ्या ठेवल्या. धूप जाळला. त्यानंतर काही दिवस गाडीत धूप, फिनाईल आणि सडके अंडे असे तिन्ही वास एकत्र नांदत होते. माझ्या पत्नीने वापरलेल्या लिंबांच्या साली उकळून ते पाणी सिंकमध्ये सोडले, तर वास कमी होण्याऐवजी एकदम उसळला आणि आम्हाला गाडीबाहेर यावे लागले. असे का व्हावे ते तेव्हा समजले नाही. मग मी ग्रामपंचायतीतल्या सवयीने ब्लीचिंग पावडर कालवून टाकीत सोडली. त्याने दोन दिवस खरोखर आराम पडला, तिसऱ्या दिवशी वास परत आला. शेजारच्या एका सद्गृहस्थाने सुचवले की ब्लीचिंगवरच संडास धुण्याचे ॲसिड ओता, टाकी लख्ख होईल. बाटली मी आणलीही होती. अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी माझी पुतणी त्या दिवशी घरी आली नसती तर मी ते केले असते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो बंद गाडीत फुप्फुसांना कायमची इजा करू शकतो, हे तिने मला ज्या स्वरात सांगितले, त्या स्वरात घरातले मूल मोठ्यांशी एरवी बोलत नाही. ही दोन द्रव्ये कोणीही, कुठेही, कधीही एकत्र करू नयेत.

वासाचे मूळ सापडले ते लोणारला. पुतणीला सरोवर पाहायचे होते आणि आईला तिथल्या धारेचे, म्हणजे विवराच्या काठावरच्या पवित्र झऱ्याचे, दर्शन घ्यायचे होते. उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात झालेले ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर, तळाशी खारे आणि तीव्र अल्कधर्मी पाणी. 2020 च्या जूनमध्ये त्याचा रंग गुलाबी झाला तेव्हा ते सर्वदूर गाजले होते. आई आणि माझी पत्नी वरच धारेपाशी थांबल्या. मी आणि पुतणी उतरून काठापर्यंत गेलो. जिथे झऱ्याचे गोडे पाणी येऊन मिळते तिथला काठ मऊ होता, पाय घोट्यापर्यंत रुतले, वरची करडी साय फाटून आतला काळाकुट्ट चिखल वर आला आणि त्याबरोबर तो वास आला. मी ओळखला, पण मन मानेना. वर येऊन गाडीच्या पायरीवर वहाणा काढल्या, तेव्हा आतून आई म्हणाली, "हा तं आपल्या गाडीतलाच वास होय, बाबू."

वहाणांना लागलेल्या त्या चिखलाकडे तिने बराच वेळ पाहिले. तळ्याच्या काठी कोणाचे शौचालय नव्हते.

परतीच्या वाटेवर पुतणीने जे समजावले ते मी माझ्या शब्दांत लिहितो. पाण्यात प्राणवायू असतो तोवर कुजण्याचे काम करणारे जीवाणू फारसा दुर्गंध करत नाहीत. बंद टाकीत, तळाच्या गाळात आणि भिंतीला चिकटलेल्या बुळबुळीत थराच्या आत प्राणवायू संपतो, आणि मग दुसऱ्या जातीच्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. ते श्वासासाठी प्राणवायूऐवजी पाण्यात विरघळलेले सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. पाण्यातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की गाळ काळा होतो. तळ्याच्या काठावरचा चिखल काळा, तसाच आमच्या टाकीतला गाळही काळा असणार. हवेच्या अब्ज भागांत या वायूचे मोजके भाग असले तरी आपले नाक ते पकडते, आणि उलट वायूचे प्रमाण धोकादायक पातळीवर गेले की नाकाची जाणीवच बधिर होते. मैल्याच्या टाकीत उतरलेले कामगार दगावतात त्यामागे हाच वायू अनेकदा असतो, म्हणून कोणतीही बंद टाकी उघडून तिच्यात डोके घालणे, लहान असली तरी, टाळावे. उन्हाचेही गणित तिने सांगितले. तापमान दहा अंशांनी वाढले की या जीवाणूंच्या कामाचा वेग साधारण दुप्पट होतो. पौषातल्या पंधरा-वीस अंशांना जी टाकी गप्प होती, ती चैत्रात पस्तीस-चाळीस अंशांना का बोलू लागली, याचे उत्तर त्यात होते.

लिंबाच्या पाण्याचाही उलगडा झाला. पाणी आम्लधर्मी झाले की त्यात विरघळून बसलेले सल्फाइड वायू होऊन बाहेर पडते. टाकीत साठलेला वास आम्ही आम्ल ओतून एका दमात बाहेर बोलावला होता. गाडी खड्ड्यांतून चालल्यावर वास वाढतो त्याचेही कारण जवळपास असेच. सोड्याची बाटली हलवल्यावर होते ते टाकीतल्या पाण्याचे होत होते.

तरीही मला खात्री हवी होती, आणि माझ्यापेक्षा ती आईला हवी होती. घरी येताच मी शौचालयाचा डबा गाडीतून काढून धुऊन गोठ्याच्या मागे ठेवला, आणि गाडी डब्याशिवाय दोन दिवस अंगणात उन्हात उभी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईलाच दार उघडायला सांगितले. वास होता तेवढाच होता. मग सिंकच्या आणि न्हाणीच्या तोंडात ओल्या फडक्याचे बोळे घट्ट बसवले, दारे-खिडक्या उघडून गाडी वारवली आणि रात्रभर बंद ठेवली. चौथ्या सकाळी गाडीत फक्त लाकडाचा आणि गादीच्या कापडाचा वास होता. आईने आत पाऊल टाकून दोनदा श्वास घेतला आणि काही न बोलता खाली उतरली. दुपारी ती पत्नीला म्हणाली, "खरकट्याचा व्हता तं." दोष स्वयंपाकाच्या पाण्याचा निघाला होता, म्हणजे आम्हा सर्वांचा निघाला होता.

वास तयार का होतो हा एक प्रश्न आणि तो आत कसा येतो हा दुसरा. मला दुसरा आधी सोडवावासा वाटला, कारण सांडपाण्याच्या टाकीत थोडाफार वास असणारच. घराच्या न्हाणीत जमिनीखाली जो नहाणी ट्रॅप बसवतात त्यात चार बोटे पाणी कायम उभे असते आणि तेच पाणी नालीचा वास अडवते. आमच्या गाडीत सिंकखाली असा वाकडा पाइप होता, पण न्हाणीत जागा कमी म्हणून कारागिराने अगदी उथळ ट्रॅप बसवला होता. त्यातले बोटभर पाणी खड्ड्यांत हिंदकळून सांडे, आणि उरलेले उन्हात एका दिवसात आटून जाई. मग टाकी आणि गाडीतली हवा यांच्यामध्ये काहीच उरत नसे. आता निघण्याआधी दोन्ही तोंडांना रबरी बूच लावतो, मुक्कामी पोचल्यावर आधी पेलाभर पाणी ओततो आणि मगच बूच काढतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर त्या पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडतो. तेलाचा पातळ पापुद्रा वर राहतो आणि पाणी लवकर आटत नाही.

दुसरी चूक मोठी होती. टाकीला हवेची वाट नव्हती. सिंकमध्ये बादलीभर पाणी ओतले की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येई, आणि आम्ही त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. टाकीत एक लिटर पाणी शिरले की एक लिटर हवा बाहेर पडणारच. तिला स्वतःची वाट नसेल तर ती ट्रॅपमधले पाणी ढकलून गाडीत येते. ज्याने गावातल्या शंभर शौचालयांना व्हेंट पाइप आहे की नाही हे तपासून सह्या केल्या, त्याने आपल्याच गाडीला तो का नाही हे विचारायला हवे होते, आणि हे मी मनापासून लिहितो. दर्यापूरच्या एका वेल्डरकडून टाकीच्या माथ्यावरून गाडीच्या छताच्या वर वीतभर जाईल असा एक इंची पाइप बसवून घेतला, तोंडाला टोपी आणि बारीक जाळी लावली. गुडगुड त्याच दिवशी थांबली. छतावरचा पंखा बाहेर हवा फेकतो, तेव्हा सगळ्या खिडक्या बंद असल्या तर तो नाल्यांमधूनच हवा ओढून घेतो, हेही याच कामात कळले. म्हणून पंखा लावायचा तर एक खिडकी चार बोटे उघडी असावी.

बाकीच्या दुरुस्त्या लवकर झाल्या. सिंकपासून टाकीपर्यंत आतून कडीकडीचा, मध्ये झोळ पडलेला लवचीक पाइप होता आणि त्या प्रत्येक कडीत भाताची शिते बसत. त्या जागी गुळगुळीत पीव्हीसी पाइप पुरेसा उतार देऊन टाकला. टाकीचा कॉक तळाच्या दोन बोटे वर होता, म्हणजे टाकी रिकामी केली असे आम्ही समजत होतो तेव्हा तीन-चार लिटर गाळ आतच राहत होता. कॉक अगदी तळाशी घेतला, त्याचे कडक झालेले वायसर बदलले, आणि रिकामी करताना पुढच्या चाकाखाली लाकडी ओंडका ठेवून गाडी मागे कलती करायची सवय लावून घेतली.

मग टाकी धुतली, आणि या कामाबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण लोक यात घाई करतात. भिंतीला चिकटलेला थर तेल, साबणाचा साका आणि जीवाणू यांचा मिळून झालेला असतो. नुसते पाणी त्यावरून वाहून जाते, ब्लीचिंग त्याचा वरचा पदर मारते आणि आतला तसाच ठेवते. तेल सुटायला धुण्याचा सोडा लागतो. चाळीस लिटर पाणी हाताला सोसेल त्याहून किंचित जास्त गरम केले. उकळते पाणी प्लॅस्टिकच्या टाकीत आणि पीव्हीसी पाइपात ओतू नये, ते नरम पडतात. त्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा आणि मूठभर कपड्यांची पावडर विरघळवून टाकीत सोडली. टाकी ॲल्युमिनियमची असती तर सोडा वापरला नसता, तो ॲल्युमिनियमला खातो. त्यानंतर गाडी गावापासून दर्यापूरपर्यंत आणि परत, जाणूनबुजून वाईट रस्त्याने नेली, म्हणजे आतले पाणी भिंतींवर आपटत राहील. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी कॉक उघडल्यावर काळ्या कातडीसारखे तुकडे पडू लागले, काही तळहाताएवढे. तीन वेळा हेच केले तेव्हा पाणी स्वच्छ आले. त्यानंतर साध्या पाण्याने खळबळून, पूर्ण रिकामी करून, शेवटी वीस लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम लिंबूसत्व घालून क्षाराचा पांढरा थर काढला. क्रम महत्त्वाचा आहे. आम्ल आधी घातले असते तर लिंबाच्या सालींची गत झाली असती, आणि सोड्यात लिंबूसत्व मिसळले असते तर दोघे एकमेकांना मारून फक्त फेस झाला असता.

आमच्याकडे क्षार जास्त साठतो त्याला आमची भूमी कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पसरलेला आहे, आणि इथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी तोंडात घेववत नाही. त्या पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट साका होतो. आणि खाऱ्या पाण्याबरोबर जे सल्फेट येते ते टाकीतल्या त्या जीवाणूंना आयते मिळते. म्हणून गाडीतल्या वापरायच्या पाण्याच्या टाकीत आता फक्त शहानूर धरणावरून येणारे नळाचे पाणी भरतो.

सोड्याचे ते धुवण कुठे टाकायचे, यावर मी दोन दिवस विचार केला. शेतात टाकणे सोपे होते, पण आमची काळी माती आधीच सोडियमने चोपण झालेली आहे. त्यात सोडा ओतणे म्हणजे तिला आणखी दगड करणे. म्हणून ते भरपूर पाण्यात पातळ करून गावच्या सिमेंटच्या नालीत सोडले. रोजचे सांडपाणी मात्र परसबागेत जाते. काळ्या मातीत नुसता शोषखड्डा खणला तर ती फुगून खड्डा मुका होतो आणि पाणी वर उभे राहते, हे मी नोकरीत कितीतरी ठिकाणी पाहिले होते. म्हणून विटांचे तुकडे आणि वाळू भरून एक लांब उथळ चर केला आणि त्यावर केळी, कर्दळ आणि अळू लावले आहे. अळू यंदा गुडघ्याच्या वर गेला.

टाकीत काय जाते यावर माझ्या पत्नीचे राज्य आहे, आणि खरा फरक तिने पाडला. पाटोडीच्या रश्श्याची तर्री ज्या ताटात असेल ते ताट आधी भाकरीच्या तुकड्याने आणि मग जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायचे. भाताची पेज, डाळीचे धुवण, उरलेले ताक आणि दूध सिंकमध्ये जाता कामा नये. दूध-ताकाने टाकी नासते तेवढी दुसऱ्या कशाने नासत नाही. सिंकच्या तोंडावर चहाची बारीक गाळणी बसवली आहे. हे सारे आमच्या लहानपणी घरोघरी होतच होते. खरकटे गुरांच्या पाटीत जाई, ताटे राखेने घासली जात, आणि मोरीत जाई ते जवळजवळ स्वच्छ पाणी. नळ आला, सिंक आले, आणि ताट उलटे करून पाण्याची धार सोडायची सवय आम्ही लावून घेतली. उन्हाळ्यात टाकी रोज रिकामी करतो, भरो वा न भरो. हिवाळ्यात तीन दिवस चालते.

शौचालयाचा डबा निर्दोष ठरला तरी त्याची काळजी घ्यावी लागते. धुऊन झाल्यावर त्यात दोन लिटर पाणी आधीच घालून ठेवतो, म्हणजे तळ सुकत नाही. फॉर्माल्डिहाइड असलेली औषधे आम्ही वापरत नाही, कारण डबा शेवटी आमच्या घरच्या शौचालयाच्या टाकीतच रिकामा होतो आणि तिथल्या कामाच्या जीवाणूंना ती मारतात. झाकणाच्या रबराला सिलिकॉनचे वंगण लावतो. व्हॅसलीनने रबर फुगते.

डबा कोणी रिकामा करायचा, यावर मात्र घरात सर्वांत मोठा वाद झाला. एका मुक्कामी पेट्रोल पंपावरच्या सफाई करणाऱ्या माणसाला शंभर रुपये देऊन हे काम करून घ्या, असे सोबतच्या पाहुण्याने सुचवले. हाताने मैला साफ करायला माणूस लावणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले. पण कायदा नसता तरी मी ते होऊ दिले नसते. दुसऱ्या बाजूला आई होती. "तुले माहा डबा उचलू देणार नाई मी," असे ती म्हणे आणि स्वतः दुखऱ्या गुडघ्यांनी उठू लागे. मुलाने आपला मैला उचलावा हे तिला सहन होत नव्हते. मी तिला गाडगेबाबांची आठवण दिली. त्यांचा जन्म आमच्याच शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, आणि आई दहा-बारा वर्षांची असताना तिने त्यांना पाहिले आहे. दिवसभर गावाचे रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, ही त्यांची रीत तिच्याच तोंडून मी लहानपणी ऐकली. "त्यांचं झाडणं देवाचं व्हतं," ती म्हणाली. मग माझेही तेच समज, एवढेच मी म्हणालो. त्यानंतर तिने हात धरला नाही, पण मी डबा घेऊन निघालो की ती तोंड फिरवून बसते. ते तसेच राहील असे दिसते.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी आम्ही चिखलदऱ्याला गेलो. खाली परतवाड्याला पारा चव्वेचाळीसवर होता आणि घाट चढताना गाडीचे इंजिन तापून दोनदा थांबावे लागले. एवढ्या उन्हात, एवढ्या हिंदकळण्यात टाकीची परीक्षाच होती. वर पोचल्यावर मी बूच काढले, पेलाभर पाणी ओतले आणि वाकून जाळीशी नाक नेले. ओल्या प्लॅस्टिकचा वास होता, बाकी काही नव्हते. रात्री वारा सुटला. जेवणानंतर आईने सुरईतले पाणी मागितले, एक पेला संपवला आणि दुसरा उशाशी घेऊन झोपली. मला बराच वेळ झोप लागली नाही. मध्यरात्री एकदा आणि पहाटेच्या आधी एकदा न्हाणीघराचे दार सरकले, पंप घरघरला, आणि पाणी डब्यात पडल्याचा आवाज आला.